बकुळचं प्रथिन आणि बाबांचे पेढे

सीपरी बाजार, झाशी
३ जुलै २००८

चि. बकुळ हिस अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल.

तुझं पत्र पोचलं. फोनवरची बातमी कोणाला दाखवता येत नाही, म्हणून तर मी पत्राचा हट्ट धरतो. तीन वर्षं बिघडत होतं ते प्रथिन अखेर जमलं! पेढे घेऊन सगळा मोहल्ला फिरलो. हलवाई भैयालाही ठणकावून सांगितलं, की आमच्या बकुळनं पुण्यात कॅन्सरचं औषध बनवलं. तुझी आई म्हणते, राईचा पर्वत करू नका. लेक माझी, पर्वतही माझा.

शेजारच्या कमलमावशीला छातीत गाठ निघाली आहे. डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात. ती मुळात घाबरट. आता म्हणते, बकुळचं औषध येईपर्यंत थांबेन. मीही म्हटलं, थांबा. तेव्हा लवकर पाठव.

लोभ आहेच, पत्रंही येऊ देत.
तुझे बाबा


पुणे
९ जुलै २००८

ती. बाबांस व आईस बकुळचा साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर सांगितलं तेच लिहिते, कारण मावशीला दाखवायला तुम्हाला कागद लागतो. मी औषध बनवलेलं नाही. पेशीवर रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. वाढण्याचा निरोप ते आत पोचवतं. काही कॅन्सरमध्ये ते फार जास्त होतं आणि पेशी वाढतच सुटतात. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून आम्ही तेच प्रथिन तयार करतो. नवी औषधं त्याला चिकटतात का, हे त्यावर तपासतात. मला त्याचा फार अभिमान आहे, पण त्यातून औषध निघायला वर्षं लागतील. मावशीकडे तेवढा वेळ नाही.

ऑपरेशन होऊ द्या. काढलेल्या गाठीत हा रिसेप्टर जास्त आहे का, ते तपासायला सांगा. असेल, तर त्याला अडवणारं औषध आजही मिळतं. शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच परत घ्या. जन्मभर रेल्वेत गार्ड होतात, लाल झेंडा दाखवायला कधी लाजला नाहीत.

रागावा हवं तर, पण माया पातळ करू नका.
तुमची बकुळ


सीपरी बाजार, झाशी
२० ऑगस्ट २००८

चि. बकुळ हिस आशीर्वाद.

ज्यांना पेढे दिले त्यांच्याकडे जाऊन खोटं बोललो म्हणून सांगताना जीव अर्धा झाला. कमलमावशी तर रडलीच. मग तुझं पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं. म्हणाली, जी पोरगी स्वतःच्या कामाला औषध म्हणत नाही, ती ऑपरेशन करा म्हणते तर खरंच सांगत असणार. दुसऱ्याच आठवड्यात ग्वाल्हेरला ऑपरेशन झालं.

परवा तपासणीचं कळलं. रिसेप्टर जास्तच आहे, ते औषध सुरू होतंय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला मावशी सांगते, की हाच रिसेप्टर आमच्या शेजारची बकुळ स्वतः बनवते. या खेपेला बढाई तिची होती आणि तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी नुसता छाती काढून शेजारी बसलो होतो.

आईनं तुझी दृष्ट काढली आहे. आहेस तशीच राहा.
तुझे बाबा