आढ्यातली गोल भोकं

बपेरा,
दि. १८ मार्च २०२५

चि. घनश्याम यास रुखमाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नोको, मी धडधाकट आहो. फोन काहून नाही केला म्हणशील, तर पिंटूनं दिवाळीले देलेल्या मोबाईलमधून आवाजच येत नाही. पोटच्या पोरानं बिघडलेला फोन मुद्दाम आणून देला, असं मले वाटते. आई मामाशी बोललीच नाही म्हणजे झालं!

गोष्ट अशी आहे. तुझ्या भाऊजींनी डेपोच्या लिलावातलं सागवान आणून वावरात ही लाकडाची खोली बांधली, ते तुले माहीत आहे. ते गेले त्याले तीन वर्षं झाली, पण मी इथून हलली नाही अन् हलणारही नाही. पिंटू अन् सूनबाई डिंपल गावातल्या सिमेंटच्या घरात राहतात. मले तिथं न्याची त्याईले भारी घाई. दिवाळीले तुमसरचा एक फर्निचरवाला आला होता, तो आमच्या आढ्याकडे टक लावून पाहत होता. पिंटूनं त्याले चहा पाजला.

आता ऐक. पंधरा दिवस झाले, कोणीतरी माझ्या आढ्याले भोकं पाडून राहिलं. आतापर्यंत अकरा झाली. सगळी एकसारखी गोल, माझी करंगळी बरोब्बर जाते. खाली पिवळा ताजा भुसा. मी सकाळी मोहफुलं वेचाले जाते, दुपारी येते, तर नवीन भोक तयार! पिंटू लाईट फिटिंगचं काम करते अन् त्याच्याजवळ भोकं पाडायची मशीन आहे, हे मी सांगाची गरज नाही. लाकूड सडलं, आता चला, असं मले म्हणाले त्याईले बरं पडते.

हे कोणाजवळ बोलू नोको. माया आहेच, पण अक्कलही पाठव.

तुझी बाई,
रुखमिणी

*

लाखनी,
दि. २३ मार्च २०२५

ती. रुखमाबाईस घनश्यामचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमननं दुकानात आणून देलं तवा गिऱ्हाईक हसले, म्हणे आजकाल पत्र कोण लिहिते. मी म्हटलं, आमच्या थोरल्या बहिणीचा मोबाईल कंपनीवर भरोसा नाही.

बाई, तू लहानपणी बोरं चोरली म्हणून माझ्या खिशांची झडती घ्यायची अन् बोरं निघायची तुझ्याच ओटीत. आठवते? पिंटू तापट आहे, पण चोरटा नाही. हार्डवेअरचं दुकान चालवून माझे केस पिकले. मशीननं भोक पाडलं तर पाडणाऱ्याले काहीतरी टांगायचं असते. तुझ्या आढ्याले कोणाले काय टांगायचं आहे?

डिंपल काय म्हणते, ते लिहिलं नाही तू. तिले विचार. राग थोडा कमी अन् जेवण थोडं जास्त ठेव, लोभ तर तुझा मले पुरून उरते.

तुझा,
घनश्याम

*

बपेरा,
दि. २९ मार्च २०२५

चि. घनश्यामला आशीर्वाद.

तुले मस्करी सुचते, इथं माझं घर चाळणी होऊन राहिलं. सतरा झाली.

डिंपलले अगदी तोंडासमोर बसवून विचारलं. म्हणे, आई, भुंगे आहेत. एवढासा काळा भुंगा गिरमिटासारखं गोल भोक पाडते काय? मले बैल समजते ती! भुंगे मीही पाहिले, दारासमोर घिरट्या घालतात. मोह फुलला की येतातच, त्यात काय नवल?

मी मग शक्कल लढवली. चुलीतली राखड चाळून अख्ख्या खोलीत पसरली अन् मोहावर गेली. येऊन पाहते तर राखडीत एक पाऊल नाही, अन् वर नवीन भोक! म्हणजे खिडकीतून बांबूले मशीन बांधून पाडतात. डोकं लावलं त्याईनं.

दुसरंही सांगते. सगळे माझ्यासमोर कुजबुजतात. पहिले मोठ्यानं बोलणारी माणसं आता नुसते ओठ हलवतात. विहिरीवर रोज भेटणारी बेबीबाईसुद्धा! डिंपल सांजेले चोरासारखी येते, उंबऱ्यावर डबा ठेवते अन् पळते. एका शब्दानं हाक नाही मारत. मी पाठमोरी बसून वाट पाहते, आतातरी आई म्हणेल. नाही. त्या डब्यात काय असेल कोण जाणे, मी उघडतच नाही. गावात कोंबडाही आरवत नाही आता अन् मंदिरात कोणी घंटी वाजवत नाही. गावच बदललं, बाप्पा.

मी पोलीस पाटलाजवळ पिंटू-डिंपलच्या नावानं अर्ज देणार आहो. विहिरीवर बायांसमोर तसं सांगूनही टाकलं. तू साक्षीले ये. नाही आला तर भाऊ नाही असं समजीन, अन् आला तर भजे करीन.

तुझी,
बाई

*

बपेरा,
दि. ३१ मार्च २०२५

ती. मामाजींना डिंपलचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी लपून लिहीत आहे, आईंना सांगू नका. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन वावरात जाते. दारात उभी राहून आई, येऊ का, म्हणून विचारते. त्या पाठ करून बसतात, ओ देत नाहीत. दोनदा, तीनदा विचारते. मग उंबऱ्यावर डबा ठेवून परत येते. दुसऱ्या दिवशी डबा तसाच्या तसा. काल तर मी बांधावर बसून रडले.

विहिरीवर त्यांनी मला चोर म्हटलं. मामाजी, मी त्या घरात खिळासुद्धा ठोकला नाही. ते भुंगेच आहेत, भरदिवसा लाकूड कोरतात, मी दारातून ऐकते. यांना फार राग आला आहे. अक्तीचा, अक्षय तृतीयेचा सण झाला की खोली उकलून लाकूड विकतो आणि आईला उचलून गावात आणतो, असं म्हणतात. तसं झालं तर आई एक दिवस जगणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तुम्ही मोठे आहात. एकदा येऊन जा. आमच्यावर माया ठेवा, सध्या तिची टंचाई आहे.

आपली,
डिंपल

*

लाखनी,
दि. ७ एप्रिल २०२५

ती. बाईस शि. सा. नमस्कार.

काल रामनवमीले मी आलो, भजे खाल्ले अन् साक्ष न देताच निघून गेलो, म्हणून तू शिव्या देत असशील. दे. पण हे पत्र पूर्ण वाच. तोंडावर सांगितलं असतं तर ओरडून सांगावं लागलं असतं, अन् अख्ख्या बपेऱ्यानं ऐकलं असतं.

मी बांधावर गाडी उभी केली तवाच मले खोलीतून घूं घूं ऐकू आलं. आत आलो. तू बोट दाखवून भोकं मोजत होती अन् तुझ्या डोक्यावर हातभर वर आढ्यात भुंगा लाकूड कोरत होता. पीठगिरणीसारखा आवाज, बाई! तू तिकडे वळूनही पाहिलं नाही. मग तू भुसा झाडाले वाकली तवा मी मागून तीनदा हाक मारली. तू झाडतच राहिली.

तुझा मोबाईल मी अंगणात लावून पाहिला. खणखणीत आहे. कोंबडाही आरवते, घंटीही वाजते. बाई, तुझ्या घरात चोर नाही. तुझे कान गेले आहेत.

भाऊजी दर होळीनंतर लाकडाले जवसाचं तेल पाजत. तीन सालं ते लाकूड कोरडं पडलं, म्हणून भुंगे आले. तेलाचा डबा बसमध्ये कंडक्टरजवळ देऊन पाठवतो. पिल्लं उडून गेली की भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोका अन् तेल पाजा.

माझ्यावर भरोसा नसेल तर दुपारी स्टुलावर चढ अन् आढ्यावर तळहात ठेव. अन् एक गोष्ट. डिंपल रोज दारात उभी राहून तुले विचारते, आई, येऊ का. रोज.

रागाव, पण टाकू नोको.

तुझा लहाना,
घनश्याम

*

बपेरा,
दि. १३ एप्रिल २०२५

चि. घनश्यामला उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र पहिले चुलीत घालणार होती. दोन दिवस उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी दार लावलं, स्टुलावर चढली अन् आढ्यावर हात ठेवला.

घनश्याम, लाकूड थरथरत होतं रे. माझ्या हाताखाली, थेट कोपरापर्यंत. मी हात काढला, पुन्हा ठेवला. मग कान लावला. काही नाही. एवढं मोठं काम चाललं होतं अन् माझ्या कानाले पत्ता नव्हता. खाली उतरून मी खूप रडली. भुंग्यांसाठी नाही. ती पोरगी किती सांजा दारातून परत गेली असेल, ते मोजत होती.

विहिरीवर जाऊन बायांसमोर मी खोटी ठरली असं सांगितलं. बेबीबाईनं काहीतरी म्हटलं, मले ऐकू आलं नाही, बरंच झालं. तेलाचा डबा पोचला. झाकण जरा सैल वाटते, कंडक्टरनं काढलं तर नसेल? पिंटू शिडी घेऊन आला अन् भुंगे कुठं कुठं आहेत ते पाहून गेला. खोली उकलायचं नाव नाही काढलं. मंगळवारी डिंपलसंग कानाच्या डॉक्टरकडे भंडाऱ्याले जाणार आहो.

डॉक्टर जे करेल ते करेल, मी माझी खाट फिरवली. आता दाराकडे तोंड करून बसते. काल सांजेले डिंपल डबा घेऊन आली अन् उंबऱ्याबाहेर थांबली. तिचे ओठ हलले. मले आवाज आला नाही, पण मी म्हटलं, ये ना माय, कवाची वाट पाहून राहिली.

तुझी,
बाई