चौकटीबाहेरचा हात

प्रिय चुळबुळे,

व्हिसा मिळाल्याचं तुला परवा फोनवर सांगितलं, तेव्हा तू इतकी ओरडलीस की शेजारचा शिंपी हातात कात्री घेऊनच धावत आला. त्याला वाटलं, काहीतरी आक्रीत घडलं. मग तू भराभर काय काय विचारत होतीस आणि मी आपलं 'हो', 'बरं', 'बघू' करत होतो. शेवटी तू वैतागून म्हणालीस, "काका, तुला आनंद झालाय की नाही?" बाई गं, झाला.  पण जन्मभर फोटो काढताना लोकांना 'हलू नका, बोलू नका, श्वास धरा' असं सांगून सांगून ती सवय मलाच जडली आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी निघायच्या आधी ते तुला मिळेल, असं पोस्टातल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलंय. तेव्हा पाय वर घेऊन बस आणि सावकाश वाच. डॉक्टरांनी तुला पाय वर ठेवायला सांगितलंय, हे मी विसरलेलो नाही.

पहिला अर्ज परत आला, त्या दिवसापासून सांगतो, कारण तेव्हाचं सगळं मी तुला सांगितलंच नव्हतं. तुला आधीच काळजी कमी नव्हती. जावईबापू बोटीवर, बाळ यायच्या सुमाराला ते कुठल्या समुद्रात असतील हे त्यांनाही ठाऊक नाही. तुझी आई असती तर मला कुणी विचारलंही नसतं, ती केव्हाच बॅग भरून बसली असती. पण ती गेली आणि उरलो मी. तिकडच्या व्हिसावाल्यांचा नियम असा, की मुलीच्या बाळंतपणाला इतके महिने येऊन राहायचं तर आई हवी नाहीतर वडील. तू अर्जात मला वडील म्हणून लिहिलंस. त्यांनी विचारलं, कशावरून? त्यांचंही चुकलं नाही. कागदोपत्री मी तुझ्या आईचा नवरा. तुझा मी कोण, हे कुठल्याच कागदावर नाही. दत्तक वगैरे घ्यावं असं आम्हाला कधी सुचलंच नाही. घरातल्या घरात कसलं आलंय दत्तक, असं तुझी आई म्हणायची आणि विषय संपायचा.

त्यांनी पुरावा मागितला होता. इतकी वर्षं एक कुटुंब म्हणून राहिलात ना, मग निरनिराळ्या वयातले एकत्र फोटो जोडा. ते वाचून मला हसूच आलं. म्हटलं, मागून मागून काय मागितलं, तर फोटो! दुकान बंद केलं, कपाटावरचे सगळे अल्बम खाली काढले आणि ऐटीत बघायला बसलो. पहिला अल्बम संपला, दुसरा संपला, तसतसा माझा चेहरा उतरत गेला. तू आहेस, आई आहे, आईच्या मांडीवर तू आहेस, सायकलवर तू आहेस, शाळेच्या पायरीवर बक्षीस घेऊन तू आहेस. मी कुठेच नाही. असणार कसा? मी कॅमेऱ्याच्या मागे.

अगदी लग्नाचा फोटो बघ. नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला माझा जीव होईना. मी साक्षीदारांना ओळीत उभं केलं, तुझ्या आईला हनुवटी जरा खाली घ्यायला लावली, तुला पुढे स्टुलावर बसवलं आणि काढला फोटो. सगळे आले, नवरदेव सोडून. तुझ्या आईच्या शेजारी नवा शर्ट घालून शिंपी उभा. ती जन्मभर आल्यागेल्याला तो फोटो दाखवून सांगायची, की पुराव्यावरून बघाल तर माझं लग्न यांच्याशी झालंय. तो फोटो अर्जाला जोडला असता तर व्हिसा शिंप्याला मिळाला असता.

बिचाऱ्याने लगेच लेखी जबाब द्यायची तयारी दाखवली. त्याच्या बायकोने दिला. तुझ्या शाळेतल्या बाईंनी, ज्यांना आता नीट दिसतही नाही, त्यांनी सुनेकडून लिहून घेऊन सही केली, की पालकांच्या सभेला नेहमी हेच यायचे आणि मागच्या बाकावर बसून खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहायचे. ते खरंच आहे, त्या वर्गात उजेड फार सुरेख यायचा. या सगळ्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला, जबाब चांगले आहेत, पण फोटो नसतील तर कठीण आहे. माझं अवसानच गळालं. त्या दिवशी तुला फोन करून मी म्हटलं, की राहू दे, तू तिकडेच मदतीला एखादी बाई बघ, उगाच माझ्यावर विसंबून राहू नकोस. आवाज होता होईल तेवढा साधा ठेवला होता.   मग तू म्हणालीस, "काका, फोटो कापायच्या आधीचे बघ ना. तुझा हात असेल त्यात."

 तू हे लक्षात ठेवलं होतंस!

तू पहिल्यांदा दुकानात आलीस ती शाळेच्या प्रवेशाचा फोटो काढायला. आई काउंटरपाशी उभी, आणि तू उंच स्टुलावर. तिला मी तेव्हा ओळखतही नव्हतो. तू एक क्षण स्थिर बसत नव्हतीस. वाकून स्टुलाचे पाय बघायचीस, पडद्यावर रंगवलेल्या झाडाला हात लावायचीस, आणि एकदा तर पडतापडता वाचलीस. तेव्हाच मी तुझं नाव चुळबुळी ठेवलं. शेवटी मी कॅमेऱ्याला रबरी फुग्याची लांब नळी लावली. फुगा दाबला की नळीतून हवा जाऊन फोटो निघतो, मग कॅमेऱ्यापाशी उभं राहावं लागत नाही. मी स्टुलाच्या बाजूला आलो, डाव्या हाताने तुझ्या कमरेला धरलं आणि उजव्याने फुगा दाबला. हात बसल्याबरोबर तू गप्प झालीस आणि कॅमेऱ्याकडे असं बघितलंस, जशी काही सबंध दुकानाची मालकीण. प्रिंट काढताना माझा हात मी अर्थातच चौकटीबाहेर ठेवला. गिऱ्हाइकाच्या फोटोत फोटोवाल्याचं काय काम?

पुढे आईशी लग्न झालं, तू माझ्या घरी आलीस, म्हणजे खरं तर मी तुमच्या घरात आलो, पण स्टुलावर बसलीस की तुझं एकच, "अहो काका, हात." हाताशिवाय फोटो नाही. ते 'अहो' तू बरीच वर्षं सोडलं नाहीस. मीही काही बोललो नाही, हक्क मागून घ्यायचा नसतो असं मला वाटायचं. मग कागद कापायच्या मशीनखाली माझ्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं, तो दिवस. तू दप्तर टाकून रस्त्यावर धावलीस, शिंप्याला ओढत आणलंस, आणि दवाखान्यात माझ्या बाकड्यापाशी उभी राहून, नाक पुसत म्हणालीस, "ए काका, खूप दुखतंय का रे?" डॉक्टर टाके घालत होते आणि मी हसत होतो. त्यांना वाटलं, औषध डोक्यात गेलं. बोटाचं टोक गेलं आणि 'अहो'चा 'ए' झाला, अजूनही मला तो सौदा फायद्याचाच वाटतो.

तर तुझ्या सांगण्यावरून मी निगेटिव्हचे सगळे पत्र्याचे डबे उघडले. पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून एकेक बघत गेलो. सगळीकडे हात आहे गं. पहिल्या फोटोत तुझ्या फ्रॉकवर पाचही बोटं अख्खी. पुढे तू उंच होत गेलीस तसा हात कमरेवरून कोपराशी सरकत गेला. मग एका वर्षापासून तर्जनी आखूड. त्यानंतर प्रत्येक फोटोत तीच आखूड तर्जनी. डार्करूममध्ये आपण आता खोकी ठेवतो, ती बाहेर काढली, लाल दिवा लावला, उरलासुरला जुना कागद शोधला आणि या खेपेला काहीही न कापता अख्खे प्रिंट काढले. कागद पिवळट पडलाय, पण उमटलं सगळं. औषधाच्या पाण्यात आधी माझी काळी बाही दिसायला लागायची आणि मग सावकाश तू. शिंपी मदतीला म्हणून आत येऊन बसला होता, तो प्रत्येक वेळी 'आली, आली' म्हणायचा. शेवटचा फोटो कंप्युटरमध्ये सापडला, तू जायच्या आधी पासपोर्टसाठी काढलेला. शिकून सवरून परदेशी निघालेली एवढी मोठी मुलगी, आणि स्टुलावर बसताना म्हणाली, "ए काका, हात धर ना, त्याशिवाय मला नीट बसता येत नाही." पासपोर्टचा फोटो खांद्यांपाशी संपतो. हात त्याच्या जरासा खाली होता. म्हणजे तू एकटी विमानात बसलीस, असं समजून मी तेव्हा उगाच रडलो.

हे प्रिंट घेऊन पुन्हा अर्ज केला, त्या मुलाखतीचं आता ऐक. आधी त्यांनी माझा फोटो काढला. अख्ख्या गावाला डोळे मिटू नका म्हणून दटावणारा मी, आणि माझेच डोळे मिटले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. ती पोरगी फार गोड होती, म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, दुखत नाही." मग बोटांचे ठसे. मशीनला दहाही बोटं हवी होती आणि माझी ही अर्धवट तर्जनी त्याला काही केल्या पटेना. ते सारखं लाल व्हायचं. मी मनात म्हटलं, या बोटापायी आता सगळं फिसकटणार.

खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी प्रिंट एकेक करून समोर मांडले. चेहरा अगदी कोरा.  त्या म्हणाल्या, "यात तुम्ही कुठे आहात?" मी म्हटलं, "हा हात माझा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "दाखवा." मी डावा पंजा काचेला लावला. त्या एकदा काचेकडे, एकदा फोटोकडे, असं किती वेळ बघत होत्या. पहिल्या फोटोतलं अख्खं बोट त्यांनी बरोबर हेरलं आणि विचारलं, ते कधी गेलं ते. मी सगळं सांगितलं, दवाखान्यासकट. मग त्यांनी नेमकं तेच विचारलं, ज्याची मला धास्ती होती. "मुलगी तुम्हाला काय म्हणते?" आता इथवर येऊन थाप कुठे मारायची? म्हटलं, "काका." आणि मनात म्हटलं, मेलो. त्या जराशा हसल्या. म्हणाल्या, "माझी मुलं माझ्या आईला ताई म्हणतात. घरात सगळे ताई म्हणायचे, तेच त्यांनी उचललं." आणि फोटो नीट गोळा करून पाकिटात घातले. मी बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो. सोबत आलेल्या शिंप्याने आणलेलं पाणीसुद्धा मला धड पिता आलं नाही, अर्धं शर्टावर सांडलं.

चुळबुळे, लोक मला म्हणतात, दुसऱ्याच्या लेकीसाठी तुम्ही एवढं केलंत. मला त्यांचा राग येतो, कारण हिशोब अगदी उलटा आहे. मी एकटा माणूस होतो. दुकान, डार्करूम आणि खाणावळ, एवढंच माझं जग. तू त्या स्टुलावरून मला बापपण शिकवलंस, तेही चुळबुळ करत. अर्जात मला वडील लिहायच्या आधी तू मला विचारलंसुद्धा नाहीस, जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्यासाठी मी तुझा ऋणी आहे. हे फोनवर मला सात जन्मांत म्हणता आलं नसतं.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. तू मला जुना कॅमेरा आणायला सांगितलास, बाळाचा पहिला फोटो मीच काढायचा म्हणून. मी 'बरं' म्हटलं, पण मनातून ते बरं नव्हतं. कॅमेरा आणतो. तो बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून ठेवलाय, आणि रबरी नळीसुद्धा घेतली आहे. बाळाची मान धरायला हात लागेलच, तो माझा असू दे. पण फुगा या वेळी तू दाब. नळी चांगली लांब आहे, तुम्ही दोघं आणि मी, तिघंही आरामात मावतो. मी डोळे मिटले तरी चालेल. फक्त कापू नकोस गं, मला तुमच्या फोटोत यायचंय.

तुझाच,
हातासकट येणारा,
काका