झग्याचा लाल काठ

बीर अल-अब्द,
२० फेब्रुवारी १९९९

चि. नुवैरा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत, तुझं ते मशीन सोडून. आग लागो त्याला! तुमच्या भरतकामाच्या कारखान्यातून काढलेलं जुनं मशीन तू माझ्या गळ्यात मारलंस, त्यासाठी मी आईची चांदीची कडी मोडली, आणि हे महाराज चार टाके घालतात नि धागा तोडून बसतात. वरून नक्षी दिसते, खाली बघावं तर धाग्यांचा नुसता गुंता. जेवढे स्क्रू दिसले तेवढे सगळे पिळून पाहिले. आता तर मुळीच चालत नाही.

सासूबाई रोज आम्हा बायकांच्या शेडमध्ये मशीनसमोर ठाण मांडतात आणि त्याला शिव्या घालतात. सत्तरी ओलांडली तरी चष्म्याशिवाय सुई ओवणारी बाई ती. त्यांचं म्हणणं, एवढ्या आवाजात तर आमच्या काळी विहिरीवरचे उंट बिथरले असते. मशीनला बोट लावायला मात्र तयार नाहीत.

ईद झाल्यावर सुवैलम भावजींच्या मुलाचं लग्न आहे. त्यात घालायला मी माझ्याच झग्याचं पुढचं पान भरायला घेतलंय. काळं कापड, विधवेची निळी नक्षी. भावजींनी दोनदा बजावलं की निळीच. हे गेल्यापासून नऊ वर्षं मी दुसरा रंग अंगाला लावलाय की काय! बजावायचं कशाला? पण दिराला बोलायची सोय नाही, म्हणून तुला बोलते.

लवकर उपाय कळव, नाहीतर हे धूड इस्माइलियाला परत येईल आणि तुझ्या दारात उभं राहील.

राग कापडापुरता, माया कायमची.
तुझी,
रय्या आत्या


इस्माइलिया,
२७ फेब्रुवारी १९९९

ती. रय्या आत्यास,
नुवैराचा सलाम, वि. वि.

पत्र टॅक्सीवाल्याने पोचवलं. वाचून हसले आणि मग रडायची वेळ आली. आत्या, तू सगळे स्क्रू पिळलेस? कारखान्यात असं कुणी केलं तर उस्ताद त्याला दुपारचं जेवू देत नाहीत.

धागा तुटला की आधी तो पूर्ण काढून पुन्हा ओव. तरी तुटला तर सुई बदल. ताणाच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही पाव फेरा. खालच्या बॉबिनची डबी धाग्याला धरून लोंबकळत ठेव आणि हाताला हलकासा झटका दे. जरा खाली सरकून थांबली तर ताण बरोबर. धाडकन पडली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. मग चिंधीवर थोडं भरून कापड उलटं कर. मधोमध बॉबिनच्या पांढऱ्या धाग्याची बारीक पट्टी दिसली पाहिजे. कापड फ्रेममध्ये डफासारखं ताणून बसव, खाली जाड कागद घालायला विसरू नकोस. हुकावर सकाळी तेलाचा एकच थेंब, आणि रात्री मशीन झाकलंच पाहिजे. तिकडची वाळू तेलात बसली की मशीन दात खातं.

सुया उजवीकडून मोजायच्या, म्हणजे कोणत्या सुईत कोणता रंग ते चुकत नाही. नक्षीचा एक भाग संपला की मशीन आपण होऊन थांबतं. रंग बदलायचा तर तेव्हाच. सगळा धागा नव्याने ओवत बसू नकोस. जुना धागा रिळापाशी काप, नव्याचं टोक त्याला बारीक गाठीनं जोड आणि सुईकडून ओढून घे. गाठ सुईपाशी आली की कापून टाक, टोक नेढ्यात ओव, हिरवं बटण दाब. आणि चालतं मशीन सोडून कुठे जाऊ नकोस, अगदी कुणीही बोलावलं तरी.

शेडमधल्या बायकांना हे मोठ्याने वाचून दाखव. बाबांनी तुला अक्षरं शिकवली त्याचा फायदा सगळ्यांना होऊ दे. हमदा आजींना माझा सलाम आणि त्यांच्या शिव्यांनाही.

मशीनवर नाही तरी भाचीवर कृपा असू द्यावी.
तुझी,
नुवैरा


बीर अल-अब्द,
२१ मार्च १९९९

नुवैरा,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तरी असोत.

तू मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तुझं पत्र मी एकदा सोडून तीनदा वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर पाळलं. मशीन सुरळीत चालू लागलं म्हणून तुला मनातल्या मनात दुवाही दिला. तो परत घेते. काल पानाची निळी नक्षी होत आली होती, तेवढ्यात भावजींनी हाक मारली की पाहुणे आलेत, कॉफी कर. घरात दुसऱ्या कुणाला कॉफी येत नाही का? पण उठले. बायकाही माझ्याबरोबर भांडी काढायला आल्या. परत येऊन बघते तर मधलं सगळं निळं आणि भोवतीचा अख्खा काठ लाल! डाळिंबासारखा लालभडक!

निळ्याभोवती लाल म्हणजे काय ते तुला सांगायला नको. भावजींनी मात्र पाहुण्यांसमोर सगळ्यांना सांगितलं. म्हणाले की विधवेनं लाल काठ लावला म्हणजे दुसरं लग्न करायला तयार आहे अशी दवंडीच पिटली, आणि आपल्या भावाच्या नावाला बट्टा लागला. लग्नाआधी काठ उसवला नाही तर शेडला कुलूप घालीन म्हणाले. शेड त्यांच्या जमिनीवर आहे ना! पाच घरांच्या बायका तिथे काम करतात, त्यांचं काय ते त्यांच्या गावीही नाही.

उजवीकडून मोजायचं हे तूच सांगितलंस. नक्की डावीकडून असणार. शेडमध्ये सासूबाईंशिवाय चिटपाखरू नव्हतं, तेव्हा चूक तुझीच. उसवायचं कसं ते ताबडतोब कळव.

लोभाचं नंतर बघू.
रय्या आत्या


इस्माइलिया,
२४ मार्च १९९९

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

तू चिडलीस ते बरोबर, पण माझ्यावर चिडलीस ते साफ चूक, आणि मलाही राग येतो हे लक्षात घे. मी या मशीनवर वाढले. उजवीकडून म्हणजे उजवीकडूनच. मोजण्यात चूक असती तर पहिल्या टाक्यापासून रंग चुकला असता. मधलं सगळं निळं झालं आणि काठाशी रंग बदलला, म्हणजे मशीन थांबलं असताना कुणीतरी रीळ बदललं, गाठ मारली आणि हिरवं बटण दाबलं. मशीनच्या पायाशी जमिनीवर बघ. कापलेली गाठ तिथेच पडली असेल. आणि शेडमध्ये कोण होतं ते तूच लिहिलं आहेस.

उसवायचं असेल तर पान उलटं कर आणि पातं पांढऱ्या धाग्याखालून सरकव. फक्त पांढरा धागा काप. मग वरून लाल धागा ओढलास की अलगद येईल. घाई केलीस तर कापडाला भोक पडेल. उसवायचं नसेल तर काही करायला नको.

दोन्ही तुला सांगितलं. सुवैलम काकांना काय हवं ते गावाला माहीत आहे. तुला काय हवं ते तू एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस, याचा मला जास्त राग येतो.

भांडण संपलं की आठवण काढावी.
तुझी,
नुवैरा


बीर अल-अब्द,
११ एप्रिल १९९९

चि. नुवैरा हिस,
अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे राहिलेलेही.

गाठ सापडली. विणकरणी मारतात तशी, राईएवढी. मी पातं घेऊन उसवायला बसले होते, ती गाठ समोर ठेवली, तर सासूबाईंनी सरळ कबूल केलं. म्हणाल्या की तू कागद मोठ्याने वाचायचीस, मी ऐकत बसायचे, त्यात अवघड ते काय. म्हणाल्या की औदा, म्हणजे आमचे हे, अंगावर पीत होता तेव्हापासून त्या निळ्यात आहेत. त्यांच्या दिरांनी ठरवलं, सासूबाईंनी घातलं, कुणी विचारलंही नाही. स्वतःच्या मुलाच्या बायकोचं तसंच होताना त्यांना बघवेना.

तुला वाटेल मी त्यांच्या गळ्यात पडले. छे! मी भडकले. म्हटलं की तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि तुम्हीही मला न विचारता माझा रंग ठरवलात? मग तुमच्यात आणि भावजींत फरक तो काय? त्या म्हणाल्या की बरं, आता विचारते, तुला काय हवंय? नुवैरा, मला रडू आलं. पातं ठेवून दिलं.

लग्नात मी तोच झगा घातला. भावजींनी दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी सरोवरावर मासे धरणारा मुस्लिह आला, स्वतःची होडी असलेला, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेला. कॉफी घेऊन त्याने रीतीप्रमाणे भावजींकडे माझी मागणी घातली. भावजी बोलायला तोंड उघडतात तोच बायकांच्या पडद्याआडून सासूबाई कडाडल्या की झगा तिचा आहे, तिला विचारा. मुस्लिह बिचारा लाजला, पण पडद्याकडे वळला आणि त्याने मला विचारलं.

मी नाही म्हटलं. माणूस भला आहे, पण माझं मन नव्हतं. भावजींचा चेहरा उजळला. लगेच म्हणाले की झालं तर मग, आता तो काठ उसवून टाक. मी म्हटलं की नकार मुस्लिहला दिलाय, काठाला नाही. काठ राहणार. पुढे जो येईल त्यालाही मीच उत्तर देईन, हो किंवा नाही, मला वाटेल ते. आणि शेडला कुलूप घालायचं असेल तर खुशाल घाला, मशीन माझ्या आईच्या कड्यांचं आहे, मुस्लिहच्या होडीत घालून नेईन पण बंद पडू देणार नाही. त्यावर मुस्लिह मोठ्याने हसला, नकार मिळूनसुद्धा.

कुलूप लागलेलं नाही. मला मात्र त्या रात्रीपासून एकाच गोष्टीचा संताप येतोय. पडद्यापलीकडून मला विचारलं गेलं तेव्हा माझा आवाज जराही कापला नाही. मग नऊ वर्षं माझ्या वतीने दुसरे का बोलत होते?

सासूबाईंचा तुला सलाम. लोभ आहेच, तो असाच भांडत वाढव.
तुझी,
रय्या आत्या