गुरुसिद्धप्पाने सोलापूरची खोली सोडण्याआधी

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

जिवलग स्नेही रा. रा. गुरुसिद्धप्पा यांस वीरभद्रप्पाचे मनःपूर्वक शरणु शरणार्थी. तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुमच्या जिन्याची तिसरी पायरी यांची प्रकृती कशी आहे ते कळव. आमचे म्हणशील तर, जिवंत आहोत. याहून जास्त लिहिणे खोटेपणाचे होईल.

तुझे पत्र पोचले. गिरणीतून मोकळा झालास, आता नव्या पेठेतली खोली सोडून आमच्या या खेड्यात कायमचे राहायला येतो म्हणतोस. मायाप्पा डॉक्टरांनी तुलाही 'कोरडी हवा घ्या' म्हणून सांगितले म्हणे. अरे बाबा, हवा कोरडी आहे हे अगदी खरे. गावातली विहीरही कोरडी आहे, ओढा कोरडा आहे, भाकरी कोरडी आहे आणि सांगोल्यापासून सहा कोस माणसाचा घसाही कोरडाच. दीड वर्षापूर्वी मी खोकल्यासाठी आलो. खोकला गेला. आता बोलायलाच कोणी नाही, तर खोकून कोणाला ऐकवणार?

पहिला तोटा म्हणजे इथे भोंगा नाही. तुला हसू येईल. पण तीस वर्षे गिरणीच्या दारात हजेरी घेतलेला मी माणूस. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की जेवायचे. इथे कोंबडा आरवतो, पण त्याच्यावर वेळेची जबाबदारी नाही (दुपारी दोन वाजताही आरवतो, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही).

दुसरा तोटा याहून मोठा. इथले लोक माझ्याशी भांडत नाहीत. कोंडीबा आणि महिपती बांधावरून रोज एकमेकांची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करतात. आमच्या सौ. शिवबाईलासुद्धा पाणवठ्यावर दोन भांडणे मिळाली, एक तर चांगले तासभर चालले. आली ती गालांवर तेज घेऊन! मला मात्र 'या पाव्हणं, बसा पाव्हणं.' दीड वर्ष, गुरुसिद्धप्पा! चावडीवर मी गेलो की घोंगडी झटकून देतात आणि सगळे गप्प बसतात. असा मान वैऱ्यालाही मिळू नये.

म्हणून त्यांनी माझ्या घड्याळाला काम दिले तेव्हा मी हरखलो. झाले असे की, मळ्यातल्या विहिरीला पाणी थोडे आणि वाटेकरी चार. सकाळी सहापासून कोंडीबा, मग धोंडीराम, मग महिपती आणि तीन ते सहा सारजाबाई, अशा तीन-तीन तासांच्या मोटेच्या पाळ्या. पूर्वी सावली बघून ठरवायचे आणि सावलीवरून डोकी फोडायचे. कोणीतरी म्हणाले, पाव्हण्यांकडं सोलापूरचं घड्याळ हाय की! तेव्हापासून पाळी बदलली की मी ओट्यावर उभा राहून पितळी परात बडवू लागलो. काय सांगू, पहिल्या दिवशी तर मला गिरणीचा मालक झाल्यासारखे वाटले.

आणि गेल्या महिन्यात एका रात्री मी चावी द्यायला विसरलो. सकाळी घड्याळ बंद. सूर्याकडे पाहून वेळ सांगायला मला कुठे येते? (गिरणीत सूर्य दिसायचा रविवारी, आणि रविवारी वेळ कशाला पाहिजे?) विचारायची लाज वाटली. म्हटले, नऊची सर्व्हिस मोटार येईल तेव्हा लावू. मोटार आली, मी नऊ लावले, परात बडवली. मोटारीचे चाक वाटेत फुटले होते आणि ती बाराला आली होती, हे मला कोण सांगणार! कोंडीबाने त्या दिवशी सहा तास पाणी घेतले. शेवटची सारजाबाई. तिची पाळी आली तेव्हा दिवस मावळला होता आणि बैल सुटले होते.

असे तीन दिवस गेले. माणसे वर सूर्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि मुकाट परातीप्रमाणे चालायची. चौथ्या दिवशी मोटार चुकून वेळेवर आली आणि माझ्या घड्याळात सहा वाजलेले! मी गुपचूप काटे फिरवले. पण तोवर सारजाबाईच्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या. एकटी विधवा बाई, तेवढाच तिचा मळा. मी बघायला गेलो, तर मलाच बसायला दगड पुसून दिला आणि म्हणाली, "तुमचं घड्याळ कसं चुकंल पाव्हणं? माझंच नशीब उलटं हाय."

गुरुसिद्धप्पा, मी तिथून खरे न सांगता उठून आलो. तेव्हापासून परात बडवण्याआधी मी घड्याळ दोनदा कानाला लावतो. म्हणून सांगतो, इथे येऊ नकोस. शहरात माणूस चुकला तर चार जण तोंडावर सांगतात. इथे तुझी चूक दुसऱ्याच्या वांग्यावर जाते आणि वर तुलाच दगड पुसून देतात.

वहिनींस नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वीरभद्रप्पा

ता. क. खरी गोष्ट आता लिहितो. खोली सोडू नकोस, कारण तिथे आम्हीच परत येतो आहोत. दोन बिऱ्हाडांमधे पडदा टाकू. शिवबाईला अजून सांगितलेले नाही. सारजाबाईच्या दारावरून जाण्यापेक्षा मला खोकला परवडला.

ता. क. दुसरा. टपालवाला गुरुवारी येतो, म्हणून पत्र पडून होते. काल रात्री राहवले नाही. जाऊन सारजाबाईला सगळे सांगून टाकले. ऐकून तिने दार लावून घेतले, मी मेल्यासारखा परतलो. आज सकाळी मात्र दारात उभी! "मुडद्या! सावली मला बी कळत हुती! पाव्हण्याला काय बोलायचं म्हणून गिळून बसले! आग लाव तुज्या घड्याळाला!" सगळा गाव गोळा झाला. धोंडीरामाने तर तिला दोन ठिकाणी माझ्यासाठी याहून वाईट शब्द सुचवले. मीही शेवटी तिला एक-दोन बोललो. किती वेळ चालले ते माहीत नाही, घड्याळाकडे बघायचे राहून गेले.

खोली सोडून दे. नवी रोपे लावून होईपर्यंत तिच्या पाळीला मोट मी हाकायची असे ठरले आहे आणि बैल माझे ऐकत नाहीत. येताना जुने धोतर आण. पाटाच्या पाण्याला दारं धरायला दुसरा माणूस लागतो.