आडव्या उजेडात वाचलेलं पत्र

नागपूर, रविवार

अण्णा, मी आठवी नापास आहे हे तुम्ही याही खेपेला लिहिलंच. बराबर आहे. पण नापास मी झाल्तो, आकांक्षा न्हाई. बहिणीला कशाला घरी बसवता? दंडवत घ्या, आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा. (तुम्ही फोन उचलत न्हाई आन् आकांक्षाचा मोबाईल तुमच्याच खिशात, म्हणून हा कागदाचा खर्चा.)

पोरीच्या जातीनं खोट्या सह्या बघत बसायचं, हा काय धंदा, असं तुम्ही विचारता. मंग ऐका. एमआयडीसीतली सळईची मिल मी चार महिन्यांत सोडली, टेम्पो दोन महिन्यांत; या मॅडमकडं अडीच वर्षं टिकलो. बावीस वर्षं त्या सरकारी प्रयोगशाळेत कोर्टासाठी सह्या-अक्षरं तपासत होत्या, आता स्वतःचं ऑफिस आहे. मी झाडतो, चहा देतो, कोर्टात त्यांची पेटी नेतो. परवा एका मयत म्हातारीचं मृत्युपत्र आल्तं. अंगठा तिचाच, बिलकुल खरा. पण मॅडमनी दाखवलं, अक्षरांची शाई अंगठ्याच्या वरून गेल्ती. म्हणजे आधी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, मजकूर मागून. (समोरचे वकील दोन पेले पाणी प्याले. पेले मीच भरले.)

मलाबी सोडलं न्हाई. दिवाळीला सुट्टी पाहिजे होती, म्हणून तुमच्या नावानं मीच पत्र लिहिलं की अण्णा दवाखान्यात आहेत, जल्दी ये. मॅडम उठल्या, ऑफिसातली चहाची वही काढली आन् त्या कागदाची फाटकी कड वहीला जुळवून दाखवली. म्हणल्या, "कल्याण, वडलांना आजारी पाडायचं तर कागद तरी विकत आणायचा." त्याच दिवशी ठरवलं, आकांक्षा हेच शिकणार. संभाजीनगरला कॉलेज आहे, बारावी सायन्सवर घेतात. मी हटणार न्हाई.

तुमचा,
कल्याण

ता. क. आकांक्षाच्या नावानं आलेलं पत्र पोचलं. शिकायचं न्हाई, मंठ्याचं स्थळ पसंत आहे म्हणते. मी ते दिव्यासमोर आडव्या उजेडात धरलं. वरच्या पानावर दाबून लिहिलेलं खालच्या पानावर उमटतं, अण्णा. तिची सही चार वेळा गिरवलेली दिसली, आन् त्याखाली तुमच्या अक्षरात साखरपुड्याची यादी. त्यात मंडपवाला राधेश्याम आहे, मी न्हाई. मॅडमला दाखवलं न्हाई, घरची इज्जत आहे. पण फॉर्मची मुदत पंधरा तारखेला संपते. तिचा मोबाईल तिला द्या, आन् फॉर्मवर पालकाच्या जागी सही करा. तुमची स्वतःची.

ता. क. २. फी आन् बसभाडं उद्या तिच्याच खात्यावर टाकून राह्यलो, तुमच्या न्हाई. नऊ हजार सहाशे रुपये.