आईच्या हाताचे आकडे

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही नमस्कार आणि पोरांना एकेक गालगुच्चा. धाकटी आता कोणाला गालाला हात लावू देत नाही असं ऐकलं, तर तिला लांबूनच. आत्तेभाऊ उद्या सकाळी तुमच्याकडे यायला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोन असताना ही बाई कागदावर का उतरली, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. शिवाय फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी असतात.

घर ठीक आहे. बाल्कनीचं दार पुन्हा घासायला लागलंय, तू आलास की रंधा मार, मला तेवढा जोर येत नाही. दुकानात दुरुस्तीला आलेल्या लिफ्टच्या बोर्डांचा ढीग पडलाय. मालक म्हणतो, अर्धा दिवस ये पण ये. मी जाते आणि दर थोड्या वेळाने घरी फोन करते, त्यामुळे अर्ध्या दिवसाचंही पाव दिवसच काम होतं. तो नुसता माझ्या टेबलावरचा ढीग बघून सुस्कारा सोडतो.

आईला कुशीवर वळवायला बाई येतात, त्या हाताने हलक्या आहेत. पाठीवरची जखम वाढलेली नाही.

आता त्या डबीबद्दल. तू आलास तेव्हा मी घाईत सांगितलं होतं आणि तू नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलंस, म्हणून पहिल्यापासून सांगते. आईला पक्षाघाताचा झटका आल्यावर व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या की उजव्या हाताचा स्नायू डोळ्यांना न दिसण्याइतका जरी हलत असेल तरी ते कळायला हवं. मग मी ती डबी केली. आईच्या हातावर दोन चिकटपट्ट्या, त्यांच्यातून स्नायूचा बारीक सिग्नल एका सेन्सरला, आणि सेन्सरापासून एक लांब वायर डबीतल्या छोट्या बोर्डाला. बोर्ड जे मोजतो ते ओळीओळीने बाहेर पाठवतो. दुकानात ते बघायला मी लॅपटॉप जोडते. लिफ्टच्या यंत्राच्या माळ्यावर लॅपटॉप नेणं जमत नाही, तिथे बोर्डाला ब्लूटूथचा तुकडा लावते आणि त्या ओळी मोबाईलवरच्या टर्मिनल ॲपमध्ये वाचते. काळा पडदा आणि त्यावर एकाखाली एक सरकत जाणारे आकडे. आईच्या उशाशी लॅपटॉप कुठे मांडणार, म्हणून तेच ॲप बाबांच्या मोबाईलवर घातलं.

खरं तर हे आम्हा दुरुस्तीवाल्यांचं हत्यार. यंत्र कुठे चुकतंय ते शोधायला असतं. पण बाबांच्या हाती मोबाईल दिला आणि सगळंच बदललं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मापाचे कपडे शिवले. छाती छत्तीस म्हणजे छत्तीस, त्यात माणसाने पोट आत ओढून धरलं तरी बाबा फसत नसत. अशा माणसाच्या हातात आकडा दिल्यावर तो त्यावर विश्वास ठेवणारच.

सुरुवातीला आकडा चाळिसाच्या आसपास, म्हणजे स्नायू अजिबात हलत नसतो तेवढाच, नुसता पडून होता. मग एका संध्याकाळी बाबांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. ते आईजवळ खुर्ची ओढून बसले की आकडा तीनशेपर्यंत चढत होता आणि उठून दाराशी गेले की उतरत होता. तीनतीनदा करून दाखवलं त्यांनी. डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. मग ते रोज तिच्याशी बोलायला लागले. त्यांच्या शिलाईच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचे. आपल्या बाबांनी कोणाच्या नकला केलेल्या तुला आठवतात का? मला तर नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलास, तिचा हात हातात घेतलास आणि आकडा सहाशेच्या वर गेला. तू लहान मुलासारखा रडलास. परत गेल्यावर मोठ्या इस्पितळाशी बोललास, ऑपरेशनचं ठरवलंस, सोमवारची ॲम्ब्युलन्स सांगितलीस. आपले डॉक्टर म्हणत होते की आता तिला घरीच राहू द्या, दुखणार नाही एवढं बघू. तू त्यांना फोनवर म्हणालास, "ती आम्हाला ओळखतेय. माझ्या बहिणीचं मशीन दाखवतंय."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून पट्टीची कड चिकटवत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला ठाऊक होतं.

दादा, तू गेल्यानंतर, त्या फोनच्या आधीच, एका सकाळी मी आईचा हात पुसायला घेतला. पट्ट्या काढून ताटलीत ठेवल्या. डबी स्टुलावर चालूच होती. बाबा आंघोळ करून आले, खुर्ची ओढून बसले, मोबाईल उचलला आणि हसून म्हणाले, "बघ, मी आलेलं कळलं हिला." पडद्यावर आकडा चढत होता. पट्ट्या ताटलीत होत्या. कोणाच्याच अंगावर नव्हत्या.

मी त्या हळूच परत चिकटवल्या. बाबांच्या लक्षात आलं नाही.

डबी दुकानात नेऊन तपासली. सेन्सरापासून बोर्डापर्यंतची वायर वरून धड होती, आतली तार तुटली होती. बोर्डाचं टोक असं मोकळं राहिलं की ते हवेतलं काहीही पकडतं. घरभर विजेच्या तारा असतात, त्यांचा गुणगुणाट माणसाच्या अंगावरून त्या टोकापर्यंत पोचतो. माणूस जवळ आला की आकडा चढतो. कोणीही माणूस. मीटर वाचायला आलेला माणूस खुर्चीत बसला असता तरी चढला असता. तुझा आकडा सगळ्यांत मोठा का आला, तेही मला आता कळलंय. तुझा मोबाईल चार्जरला लावलेला होता आणि तो तू मांडीवर घेऊन बसला होतास. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. पण अर्धं सांगून भागणार नाही.

दुकानात आकडा असा नाचला असता तर मी सगळ्यात आधी वायर ओढून बघितली असती. शिकाऊ मुलंही तेच करतात. आईच्या वेळी मी नाही बघितली, कारण मलाही तो आकडा हवा होता. आणि कळल्यावर गप्प बसले, कारण बाबा जेवत होते.

काल दुपारी त्यांना सांगितलं. तुझी ॲम्ब्युलन्स ठरली नसती तर कदाचित अजूनही सांगितलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तो आकडा माझाच होता?" मी हो म्हटलं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वायर बदल. खरा किती आहे ते बघू."

मी त्यांच्यासमोरच नवी वायर डागली. सोल्डरचा टाका दोनदा बिघडला. पट्ट्या लावल्या, डबी चालू केली. एकेचाळीस. चाळीस. एकेचाळीस. बाबांनी आईचा हात हातात घेतला. चाळीस. त्यांनी तिला तिच्या माहेरच्या लाडक्या नावाने हाक मारली, जे आपण दोघांनी कधीच उच्चारलं नाही. एकेचाळीस. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

नंतर बाई आल्या, त्यांनी आईला कुशीवर वळवलं. बाबा म्हणाले, "थांबा. हिच्या कपाळाकडे बघा." दादा, तिच्या कपाळावर आठी होती. बारीक, दोन भुवयांच्या मधे. तिचा हात खाली ठेवला, उशी सारखी केली, तेव्हा हळूहळू गेली. संध्याकाळी पुन्हा वळवलं, पुन्हा आली. बाई म्हणाल्या, "ती नेहमीच येते, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." कोणाला माहीत असणार? आम्ही सगळे मोबाईलकडे बघत होतो.

बाबा एवढंच म्हणाले, "हिला दुखतंय. आता कुठे हलवायचं नाही."

डॉक्टर आज सकाळी येऊन गेले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी दुखण्याचं औषध वाढवलंय. फार दिवस नाहीत, असं म्हणाले. इतक्या लांबच्या रस्त्याने प्रत्येक गचक्याला ती आठी येईल, आणि पुढे ऑपरेशन. माझ्याच्याने ते होणार नाही, दादा. बाबांच्याही नाही. सोमवारची ॲम्ब्युलन्स रद्द कर. तुझ्यापुढे मी कधी हट्ट केला नाही. हा एक करतेय.

एक गोष्ट फक्त तुझ्यामाझ्यात ठेव. वायर आतून का तुटली ते मला कळलंय. बाबा रोज रात्री ती वायर बोटांभोवती घट्ट गुंडाळून, टोक आत खोचून, डबीवर नीट ठेवत. दोऱ्याची लडी ठेवावी तशी. त्या गुंडाळण्यानेच ती तुटली. त्यांनी विचारलं तेव्हा मी वायर हलकी निघाली असं सांगितलं. तूही तेच सांग.

डबी मी आज सकाळी काढून ठेवली. बाबा खुर्चीत बसलेत, मोकळ्या हाताने. मी इथे दाराशी बसून लिहितेय. मघाशी त्यांनी विचारलं की कोणाला लिहितेस, मी म्हटलं दादाला. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, राग मानू नकोस." आणि मग थोड्या वेळाने, "ये म्हणावं."

तुला किती वाईट वाटेल ते मला कळतंय. आईने ओळखलं, या एका गोष्टीवर तू इतके दिवस काढलेस आणि ती मी काढून घेतेय. मला क्षमा कर, नाहीतर करू नकोस, पण ये. रात्रीच्या गाडीने ये. तू हात हातात घेशील तेव्हा काहीच होणार नाही. आकडा नसेल, पापणीसुद्धा लवणार नाही. तरी तिच्याजवळ बस.

लोभ आहेच, तो पत्रातून मागायला नको.

वाट बघतेय,
तुझी बारकी