हळदीचे सात हात

जळगाव, सोमवार

ती. नाना,

आधी घटना, क्रमाने:

१. काल दुपारी ताईबाई आत्याच्या दाराशेजारी मी बावीस उड्या मारल्या.
२. त्यांतल्या सात उड्यांचे हळदीचे हात भिंतीवर उमटले आहेत.
३. त्यामुळे माझे लग्न ठरले आहे.
४. मुलगा धुळ्याकडचा आहे. स्थळ तुम्ही आणले आहे.
५. मुलगा अस्तित्वात नाही.

तुमचा गुडघा आणि काकूची साखर आटोक्यात असेल असे धरते. आबांचा फोन अजून आला नसेल, तर तुमची प्रकृती उत्तमच असणार. पत्र अशासाठी, की फोनवर मी दोन वाक्यांत संपवते आणि तिसरे येईपर्यंत तुम्ही रागावलेले असता.

आमच्या पाइप कारखान्याच्या महिला व्हॉलीबॉल संघाची निवड येत्या रविवारी सकाळी आठला आहे. नेटजवळ खेळायचे तर उडी मारून २५० सेंटिमीटरला हात लागायला हवा. उभ्याने माझा हात २१६ ला पोहोचतो. दिवाळीत उडून २४० ला लागत होता, तेव्हा तुम्ही (तीस वर्षे शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस) अंगणात म्हणाला होतात, "पोरी, बठ्ठा जोर पायमाच नई ऱ्हास. हात कव्हय फिरस ते दख." त्यावर मी सगळ्यांसमोर कागदावर आकृती काढून, हात कधीही फिरोत, जोर वाढला की उडी वाढते, हे तुम्हाला समजावले. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात. मग मी तीन महिने खांद्यावर लोखंड घेऊन बैठका काढल्या. वजन तीस किलोंवरून पन्नासवर नेले. हात २४१ ला लागला. (टेप धरणारा आत्याचा भूषण म्हणाला, "ताई, तो एक सेंटिमीटर तुला वाईट वाटू नये म्हणून मी दिला.")

काल आत्या शेवग्याच्या शेंगा काढत होती. आकडी मोडलेली. तिने पदर खोचला, एक लांब पाऊल, एक आखूड, दोन्ही हात मागून झपकन वर, आणि शेंग हातात. वय अठ्ठेचाळीस, उंची माझ्या खांद्यापर्यंत. मी तिला सहा वेळा पुन्हा उडायला लावले. (सहाव्या वेळी तिने विचारले, "भाजी करनी शे का सर्कस?") तेव्हा माझी चूक दिसली. माझे पाय जमीन सोडायचे आणि मग हात निघायचे. पंपाला दाब भरपूर असला तरी व्हॉल्व चुकीच्या वेळी उघडला, तर शेवटच्या केळीपर्यंत पाणी जात नाही. हे मी कारखान्यात रोज लोकांना सांगते, आणि स्वतःच्या खांद्यांना सांगायचे राहिले होते.

खुणेला खडू नव्हता, चुन्याने कातडी भाजते, आत्याच्या ताटात हळद होती. सपाट जमीन फक्त दाराशेजारी, आणि तिथलीच भिंत नुकती रंगवलेली. बाविसाव्या उडीला २४८. सकाळपेक्षा पायांत रतीभरही जोर वाढलेला नव्हता.

मग समोरच्या पुष्पाबाई बाहेर आल्या. दाराशी हळदीचे हात म्हणजे लग्नघर, म्हणून म्हणाल्या, "ताईबाई, पोरनं लगीन जमनं, अन सांगं बी नई?" आत्या नाही म्हणणार होती, असे तिचे म्हणणे आहे. पण पुष्पाबाईंनी त्याच दमात मुलगा कुठला ते विचारले, आणि आत्याच्या तोंडून "धुयाकडला" निघून गेले. (अडचणीत तिला नेहमी तुम्ही आणि तुमचे धुळेच आठवते.) पाचोऱ्याला आबांकडे बातमी पन्नास मिनिटांत पोहोचली. आबांचे म्हणणे, धाकट्या भावाने, म्हणजे तुम्ही, बापाला न विचारता पोरगी उजवली. मला रविवारी सकाळी पाचोऱ्याला हजर व्हायचे आहे. मी म्हटले, मुलगा नाही. त्यांनी विचारले, "मंग भिंतवर हात कसाले?" मी म्हटले, उडीसाठी. त्यांनी फोन ठेवला.

तरी आबांना एक फोन करून स्थळ नसल्याचे सांगावे. माझे त्यांना पटत नाही.

मोहिनी

ता. क. खरे काम वेगळे आहे. दोन सेंटिमीटर कमी पडतात. शेवटचे पाऊल लांब पडते की हात अजून उशिरा निघतात, हे उडताना मला दिसत नाही. भूषणला दिसते, पण कळत नाही. तुम्हाला कळते. दिवाळीतली आकृती मी मागे घेते. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने या. शिट्टी आणा.

ता. क. २. वर क्रमांक दोनमध्ये चूक आहे. सातांपैकी सर्वांत खालचा हात माझा नाही, आत्याचा आहे. उभ्याने १९०, उडून २२४, म्हणजे उडी चौतीस. माझी बत्तीस. (पुष्पाबाईंना हे सांगितलेले नाही. आत्याचेही लग्न ठरेल.) संघात कारखान्याबाहेरच्या बायका चालतात का, असे तिने काल दोनदा विचारले. म्हणजे शनिवारी तुम्हाला दोघींना शिकवावे लागेल. येता की नाही, एवढेच शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.